बाप्तिस्म्यासाठी टाकी घेताय? आधी लिटर मोजा

बॅप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीचं स्वतःच्या इमारतीवाचून अडत नाही, घंटेवाचूनही नाही. पण बाप्तिस्म्यासाठी माणूस पूर्ण बुडेल एवढं पाणी लागतंच. लंडनच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी १६४४ च्या विश्वासपत्रात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यात, सगळं अंग पाण्याखाली गेलं पाहिजे असं लिहून ठेवलं, आणि मिशनरी विल्यम केरीने २८ डिसेंबर १८०० ला बंगालमधल्या श्रीरामपूरला कृष्ण पालला बाप्तिस्मा दिला तो हुगळी नदीत. केरीला नदी दाराशी होती. पुण्यात शाळेचा हॉल किंवा एखादा गाळा भाड्याने घेऊन उपासना चालवणाऱ्या मंडळीला ती सोय नाही. मुळा-मुठेचं पाणी अंगावर घ्यावं असं राहिलेलं नाही आणि खडकवासल्याचं धरण शहराचं पिण्याचं पाणी आहे. तिथे उतरायचा विषयच काढू नये. राहतो तो तासावर मिळणारा पोहण्याचा तलाव किंवा मुळशीकडचं फार्महाउस. उभं राहून बाप्तिस्मा द्यायचा तर कमरेच्या वर पाणी हवं, ते तिथे मिळतं, त्यामुळे वर्षातून एकदाच आणि वीस-पंचवीस जणांना एकदम द्यायचा असेल तर तेच बरं. पण मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना तेवढा प्रवास झेपत नाही आणि बाप्तिस्मा सगळ्या मंडळीसमोर व्हावा ही अपेक्षा बाजूला पडते.

म्हणून हॉलमध्येच टाकी. इथे दोन वस्तूंची तुलना केली आहे: दुकानात आणि ऑनलाइन मिळणारा लोखंडी नळ्यांचा घडीचा फ्रेम पूल (पोहण्याचा), आणि वर्कशॉपमधून बनवून घेतलेली अरुंद फायबरची टाकी. निकाल आधीच सांगतो. पन्नास-साठ माणसांच्या मंडळीने फायबरची टाकी घ्यावी. पूल स्वस्त पडतो आणि पेटीत घडी होऊन राहतो, पण पुढचा सगळा त्रास पाण्याच्या लिटरवर ठरतो आणि पुलात लिटर फार जातात.

फ्रेम पुलांत कामाचं माप २६० × १६० × ६५ सेंमी. यात नव्वद टक्के भरलं की सुमारे २,२८० लिटर पाणी बसतं. त्याच्या वरचं ३०० × २०० × ७५ सेंमीचं माप मोहात पाडतं, कारण पाळक आणि बाप्तिस्मा घेणारा दोघे ऐसपैस मावतात. पण ते ३,८०० लिटरच्या घरात जातं आणि खोली काही उभं राहण्याएवढी मिळत नाही. पाऊण मीटरच्या भिंतीत पाणी साधारण साठ-पासष्ट सेंमीच. म्हणजे लहान घ्या की मोठा, माणसाला बसवूनच बुडवायचं आहे. मग जादा पाणी कशाला?

अर्ध्या इंची नळाला चांगला दाब असला तर मिनिटाला दहा-बारा लिटर येतात. लहान पूल भरायला तीन तासांच्या वर, मोठा भरायला पाच तासांच्या वर. पुण्यात यात आणखी एक गोम आहे. महापालिका देखभालीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुतेक वेळा गुरुवारी, आणि शुक्रवारी दाब येत नाही. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कधीही येतो, म्हणजे नेमका कपातीच्या दिवसांत. ईस्टरच्या रविवारी बाप्तिस्मा ठरला असेल तर भरण शनिवारी दुपारी लावायचं आणि सोसायटीच्या किंवा शाळेच्या टाकीतून किती पाणी उचलणार ते आधीच सांगायचं. रविवारी सकाळी शाळेच्या शिपायाला संडासात पाणी नाही हे कळलं तर पुढच्या महिन्यापासून हॉल मिळत नाही.

टँकर मागवणार असाल तर दहा हजार लिटरचा टँकर एका पुलासाठी नुसता वाया जातो, आणि त्याचा जाड पाइप हातातून निसटला तर पुलाची एक बाजू झोपवतो. टँकरचं पाणी बोअरचं असू शकतं, म्हणून त्यात क्लोरीन टाकावंच. २,२८० लिटरला लिटरमागे दोन मिलिग्रॅम धरलं तर ताजी ब्लीचिंग पावडर पंधरा ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा पुरते. ती थेट पाण्यात भुरभुरायची नाही. तळाशी चुना बसतो आणि पांढऱ्या कपड्यांना लागतो. बादलीत कालवून अर्धा तास ठेवायची आणि वरची निवळी तेवढी ओतायची. हे आदल्या रात्री करावं, म्हणजे सकाळी डोळे चुरचुरत नाहीत.

फायबरची टाकी बनवून घ्यायची ती आतून २०० सेंमी लांब, ७५ रुंद आणि ७५ उंच. पाणी ५५ सेंमी भरायचं. हिशोब सोपा आहे: सव्वाआठशे लिटर. त्याच नळाला साधारण सव्वा तास लागतो, म्हणजे रविवारी सकाळी लवकर कुणी आलं तरी नऊच्या उपासनेआधी टाकी तयार. रात्रभर भरलेली टाकी सोडून जायची वेळ येत नाही, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. भरलेला पूल रात्रभर ठेवायचा म्हटलं की हॉलला कुलूप आणि दाराशी माणूस दोन्ही हवेत. शाळेच्या आवारात खेळायला येणाऱ्या पोरांना दोन फूट पाणी पुरेसं धोक्याचं आहे.

आता जमिनीचा विचार, जो बहुतेक जण करतच नाहीत. दर दहा सेंमी पाण्यामागे चौरस मीटरला शंभर किलो वजन येतं. पंचावन्न सेंमी म्हणजे साडेपाचशे किलो. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५, भाग २) घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भार धरून, वर्ग तीनशे धरून आणि खुर्च्या न बसवलेलं सभागृह पाचशे धरून डिझाइन केलेलं असतं. म्हणजे चांगल्या सभागृहाच्या स्लॅबचीही मर्यादा ओलांडली जाते. पुलाखाली हा भार चार चौरस मीटरभर पसरतो आणि एकूण सव्वादोन टन होतो. फायबरच्या टाकीखाली दीड चौरस मीटर, माणसासकट एक टनाच्या आत. तरीही दोन्ही तळमजल्यावरच, जमिनीवर टेकलेल्या फरशीवर. पुण्यात ‘तळमजला’ म्हणून दाखवलेल्या हॉलखाली कितीतरी वेळा पार्किंग असतं, ते खाली उतरून बघावं. गच्चीवर टाकी मांडायची कल्पना ज्यांना सुचते त्यांनी आधी इमारतीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठावा.

फ्रेम पुलाची मोठी खोड म्हणजे त्याची भिंत. ती पाण्याच्या दाबानेच ताठ राहते. पाळकांनी बाहेर उभं राहून वरच्या नळीवर पोट टेकवलं, किंवा बाप्तिस्मा घेणाऱ्या बाईंनी आत उतरताना नळी धरून भार दिला, की भिंत बाहेर लवते आणि दोन-तीनशे लिटर पाणी पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांखाली जातं. त्यामुळे पुलात पाळकांना पाण्यात उतरावंच लागतं, आणि आत जायला दोन्हीकडून पाय असलेली स्वतंत्र शिडी लागते. बरोबर मिळाली तर बरं, नाहीतर वेगळी घ्यावी लागते. फायबरची कड ताठ असल्याने पाळक बाहेर उभे राहून, मांड्या कडेला टेकवून काम करू शकतात. पाऊण मीटरची उंची त्यासाठी बरोबर आहे. साठीच्या पुढच्या पाळकांना हाच फरक कळीचा ठरतो, कारण दहा जणांना पाण्यात वाकून उचललं की पाठ धरते.

पद्धतही इथेच सांगायला हवी, कारण उभ्याने बाप्तिस्मा दिलेल्या पाळकांना बसवून द्यायची सवय नसते. माणसाने पाय लांब करून बसायचं, पाठ टाकीच्या लांबीत मोकळी. हात छातीवर एकावर एक. एका हाताने रुमाल नाकावर धरायचा, दुसऱ्या हाताने त्याच हाताचं मनगट. पाळकांचा एक तळवा मानेखाली, खांद्यांच्या मधे. दुसरा त्याच्या जुळलेल्या हातांवर. ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द पूर्ण झाल्यावर मागे झोपवायचं, बोलता बोलता नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात बाप्तिस्म्याची पुरलं जाण्याशी सांगड घातली आहे, म्हणून पाठीवर. झोपवताना पाय वर तरंगतात आणि गुडघे बाहेर राहतात. ‘गुडघा राहिला’ म्हणून पुन्हा बुडवायची वेळ नको असेल तर पायांशी एक डीकन (मंडळीतला सेवक) उभा करावा, त्याने घोट्यांवर नुसता हात ठेवायचा. उठवताना मानेला जोर द्यायचा नाही, खांद्यांखाली हात सरकवून बसतं करायचं. वजनदार माणसाला दोघांनी दोन बाजूंनी धरावं. गुडघे टेकवून मागे वाकवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. गुडघेदुखी असलेल्याला तो अजिबात करू नये.

दोनशे सेंमीत साडेपाच-पावणेसहा फुटांचा माणूस सरळ मावतो. सहा फुटी असेल तर गुडघे थोडे दुमडायला सांगा. खांदे रुंद असलेल्यांसाठी ८० सेंमी रुंदी करावी का, असा प्रश्न हमखास येतो. करू नये, पाणी वाढतं. दरवाजाची अडचण तशीही आहेच. तीन फुटी दरवाजाच्या चौकटीत मोकळी जागा साधारण ७८-७९ सेंमीच असते. टाकीची वरची कड दोन्हीकडे पाच-पाच सेंमी बाहेर येते, म्हणजे बाहेरून ती ८५ होते आणि सरळ आत जात नाही. कुशीवर आडवी केली की उंचीचे ७५-७६ सेंमी चौकटीतून जातात. उंची वाढवून घेतलीत तर टाकी अंगणातच राहील. ऑर्डर देण्याआधी हॉलच्या, गोदामाच्या आणि जिन्याखालच्या खोलीच्या चौकटी टेपने मोजून कागदावर लिहून न्या. लांबीला अडचण नाही, छोट्या हत्तीच्या हौद्यात दोन मीटर बसतात.

भोसरी एमआयडीसीत फायबरचं काम करणारी वर्कशॉप आहेत. तिथे नुसतं ‘पाण्याची टाकी’ सांगितलं की पातळ, गुळगुळीत माल हातात येतो. जाडी पाच मिलिमीटरपेक्षा कमी नको. पाणी ५५ सेंमी असताना लांबीच्या प्रत्येक भिंतीवर तीनशे किलोचा रेटा असतो. बाहेरून दोन-तीन उभ्या पट्ट्या (रिब) न दिल्यास भिंत पोट काढते आणि काही वर्षांत कोपऱ्याशी केसासारखी चीर पडते. रेझिन आयसोफ्थॅलिक मागा, साधं नको. तळ आतून खरखरीत करून घ्या. चकचकीत पांढरा तळ बघायला छान दिसतो, ओल्या पायाला मात्र साबणासारखा लागतो. नवी टाकी आल्यावर तिला रेझिनचा उग्र वास असतो. दोन-तीन दिवस उन्हात ठेवावी, मग पाण्याने भरून एक दिवस मुरू द्यावी आणि ते पाणी टाकावं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टाकी आणणाऱ्यांना पुढच्या रविवारी मंडळी नाकाला पदर लावून बसलेली दिसते.

खाली करण्यात दोन्हींमधला फरक सगळ्यात जास्त जाणवतो. पुलाच्या नळीला बागेचा पाइप लावून नुसत्या उताराने पाणी सोडलं तर संध्याकाळ होते. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप लावला तर काम आटोक्यात येतं, पण शेवटचं दोन बोटं पाणी वायपर आणि फडक्यानेच काढावं लागतं. फायबरच्या टाकीला तळाशी दोन इंची बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, पाव तासात टाकी रिकामी होते. व्हॉल्व्ह मात्र अर्धाच उघडायचा. बाथरूमच्या जाळीला दोन इंची धार झेपत नाही, पाणी उलटून हॉलमध्ये येतं. शक्य तर पाइप थेट बाहेरच्या चेंबरमध्ये सोडावा. वर्कशॉपवाले सवयीने अर्ध्या इंचाचं तोंड लावतात, त्यातून तेच पाणी जायला दोन तास लागतात.

पाणी कोमट करायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ते वीस अंशांवरून तीसपर्यंत न्यावं लागतं. पुलासाठी उकळीजवळचं पाणी तीनशे लिटर लागतं, केटररच्या शंभर लिटरच्या पातेल्यांनी तीन पातेली आणि चार किलोच्या आसपास गॅस. टाकीला एकशेदहा लिटर पुरतं, त्यात घरचे दोन-तीन बंबसुद्धा चालून जातात. आधी गार पाणी भरायचं, मग गरम ओतायचं. कोरड्या तळावर उकळतं पाणी ओतलं की पुलाचा पीव्हीसी मऊ पडतो. आणि ओतायचं ते आत कुणी नसताना. नाताळच्या सुमाराला बाप्तिस्मा ठेवणाऱ्या मंडळ्यांनी हे टाळून थंड पाण्यात उरकू नये. दम्याच्या माणसाला गार पाण्यात श्वास अडकतो आणि मागे झोपवताना त्याने तोंड उघडलं की नाकातोंडात पाणी जातं.

विजेचा रॉड पुलात टाकायचा नाही, टाकीतही नाही. पीव्हीसीला टेकला तर पाच मिनिटांत भोक पडतं, ते ठिगळाने बुजेल. आत हात घालणाऱ्या माणसाचं काय? रॉड वापरायचाच तर वेगळ्या पिंपात, आणि पिन काढल्याशिवाय त्या पाण्याला हात नाही. माइकचंही तेच. २००५ साली टेक्सासमधल्या वेको शहरात एका बॅप्टिस्ट चर्चचे पाळक बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभे असताना माइकला हात लावून विजेच्या धक्क्याने गेले. वायरचा माइक टाकीपासून दोन मीटर लांब, स्टँडवर, आणि तो पाण्यातल्या माणसाने हलवायचा नाही. भाड्याच्या हॉलच्या बोर्डाला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच) आहे का ते वायरमनला विचारा. जुन्या शाळांत नसतोच. पंप लावताना टाकीत कुणी नको, हे सांगायला हवं का? हवं, कारण घाईत शेवटचा माणूस बाहेर पडायच्या आधी पिन लावली जाते.

कपड्यांवर थोडं. पांढरा पातळ सुती कपडा भिजला की आरपार दिसतो. त्या १६४४ च्या विश्वासपत्रातही देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने योग्य वस्त्रं घालावीत अशी नोंद आहे, तेव्हा हा प्रश्न नवा नाही. दोसुतीचा, खाली घेर असलेला झगा शिवून घ्यावा आणि शिवणीत पडद्याला लावतात तशी छोटी वजनं घालावीत, नाहीतर झगा फुग्यासारखा वर येतो. आत गडद रंगाचा सलवार-कुडता किंवा ट्रॅक पँट. साडीत कुणालाही उतरवू नये, पाय अडकतात. कपडे बदलायला एकच खोली असेल तर मंडपवाल्याकडून एक कनात आणून दोन भाग करावेत, आणि टाकीपासून त्या खोलीपर्यंत रबरी मॅट. घसरून पडणं पाण्यात कमी, बाहेर आल्यावर फरशीवर जास्त होतं.

एका माणसाला साक्षीसकट तीन-चार मिनिटं धरा. पंधरा जण असतील तर तास जातो आणि पाणी निवतं, पाळकही थकतात. आंध्रातल्या ओंगोलजवळ ३ जुलै १८७८ ला तेलुगू बॅप्टिस्ट मिशनने एका दिवसात २,२२२ जणांना बाप्तिस्मा दिला तेव्हा सहा जण आळीपाळीने पाण्यात उतरत होते, एका वेळी दोघेच. पुण्यातल्या पंधरा जणांसाठीही आठव्यानंतर माणूस बदलावा. बॅप्टिस्ट रीतीत मंडळीने नेमलेला दुसरा पाळक किंवा मंडळीतला वडील (एल्डर) हे करू शकतो, त्यात अडकण्यासारखं काही नाही.

ही टाकी एकट्या मंडळीने घ्यायची गरजही नाही. वर्षातून तीन-चार वेळा लागणारी वस्तू जवळपासच्या तीन मंडळ्यांनी मिळून घेतली तर जागेचा प्रश्न निम्मा होतो. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) एखाद्या चर्चलाही सामील करून घेता येईल. १९७० साली नागपूरला सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली त्यांत बॅप्टिस्टही होते, आणि तिथे बालबाप्तिस्म्याबरोबर प्रौढांचा बाप्तिस्माही मान्य आहे. स्वतःची इमारत बांधणाऱ्यांनी व्यासपीठाखाली पक्का हौद करावा हे ठीक, पण नकाशात पायऱ्या विसरल्या जातात. एक मीटर खोलीला सहा पायऱ्या, म्हणजे दीड मीटर लांबी हौदाच्या मापाबाहेर धरायला हवी. आणि तो पाण्याने भरून झाकून ठेवू नये, आठवड्या-दहा दिवसांत डासांची पैदास होते आणि महापालिकेची नोटीस येते.

एवढं वाचूनही पूलच घ्यायचा असेल, कारण ठेवायला जागा पेटीएवढीच आहे, तर खाली आधी झाडू, मग ताडपत्री, मग फोमच्या मॅट. शहाबादी फरशीच्या जोडांच्या धारा तळाला कापतात. अंगण उताराचं असेल तर गवंड्याच्या लेव्हल पाइपने बघा. दोन टोकांत इंचापेक्षा जास्त फरक असला की खालच्या बाजूची नळी वाकते. वापरून झाल्यावर दोन दिवस उलटासुलटा वाळवायचा, टाल्कम पावडर लावायची आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. खोक्यात ठेवलेला पूल पुढच्या नाताळात उघडला की घडीवर काळी बुरशी आणि उंदराने कुरतडलेला कोपरा निघतो, तोही नेमका तळाचा.